दुर्बिणीची तारीख

ही माझ्या पोटाच्या दुर्बिणीची गोष्ट आहे, म्हणजे एंडोस्कोपीची: तोंडातून नळी घालून अन्ननलिका आणि जठर आतून पाहतात ती तपासणी. मी नागपुरात सीताबर्डीला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स पाहते. मार्च 2024 च्या शेवटच्या आठवड्यात माझा दिवस असा जायचा: रात्री नऊपर्यंत ऑफिस, मधे टपरीवरून येणारा चहा, दहाला जेवण आणि जेवल्याबरोबर पलंग. त्याच आठवड्यात एका रात्री छातीच्या मधोमध जळायला लागलं आणि घशाशी आंबट पाणी आलं. सासूबाईंनी थंड दूध दिलं, अर्ध्या तासात बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले.

एप्रिलमध्ये हे आठवड्यातून दोनदा-तीनदा व्हायला लागलं, मे महिन्यात रोज. नागपूरचा मे. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, कूलरसमोरून उठवत नाही, जेवणावर वासना नाही आणि पोटात मात्र सतत काहीतरी चाललेलं. ज्याने-त्याने उपाय सांगितला. सकाळी उठून धण्याचं पाणी, जेवणानंतर बडीशेप, गुलकंद, पन्हं. पन्ह्याने तर वाढायचंच. रविवारी सकाळी घरात तर्री-पोहे आले की मी कोरडे पोहे घेऊन बसायचे, तरी दुपारपर्यंत छाती पेटलेली. मेडिकल स्टोअरमधून गुलाबी सिरप आणि चघळायच्या गोळ्या आणायचे. त्याने तास-दोन तास निभायचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात असताना छातीत डाव्या बाजूला दुखलं आणि घाम आला. त्या संध्याकाळी त्रिमूर्तीनगरच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. मी ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणत होते, त्यांनी ते ऐकून घेतलं आणि आधी ईसीजी काढला. म्हणाले, "छातीत दुखतं म्हटलं की आधी हृदय पाहायचं, पोट मग. बाईमाणसं हे नेहमी उलटं करतात." ईसीजी नॉर्मल आला. तपासणीचे 300 आणि ईसीजीचे 300. एवढ्या पैशात आलेली ती सगळ्यात शांत झोप होती.

त्यांनी पॅन्टोप्राझोल 40 लिहून दिली, चार आठवडे. गोळी कधी घ्यायची हे त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. कारणही सांगितलं. पोटात आम्ल तयार करणारे जे पंप असतात ते खाल्ल्यावर जोरात चालू होतात, गोळी त्यांनाच बंद करते, त्यामुळे घास पोटात पडायच्या आधी ती रक्तात पोचलेली असावी लागते. जळजळ झाली की तेवढ्यापुरती घ्यायची ही गोळी नाही. जनऔषधी केंद्रात हेच औषध कितीतरी स्वस्त मिळतं, तेही त्यांनीच सांगितलं.

आठवडाभरात फरक पडला. जुलै म्हणजे रिटर्न भरायचा महिना, 31 तारखेपर्यंत मान वर करता येत नाही, तरी तो बरा गेला. गोळी थांबली आणि ऑगस्टच्या मध्यात सगळं परत आलं. पुन्हा कोर्स. पुन्हा बरं, पुन्हा तेच.

सप्टेंबरमध्ये एक नवीन गोष्ट सुरू झाली आणि मी खरी घाबरले ती तेव्हा. पोळीचा घास गिळला की छातीच्या हाडामागे थांबल्यासारखा वाटायचा. पाणी प्यायलं की जायचा. प्रत्येक घासाला नाही, पण दोन-चार दिवसांनी एकदा नक्की. माझे मोठे मामा अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं म्हणतात, आधी पोळी अडकायची, मग भात, शेवटी पाणी. मामा दिवसभर खर्रा, म्हणजे तंबाखू घातलेली सुपारी, खायचे आणि मी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही, हे मला कळत होतं. पण रात्री दोन वाजता कळलेलं उपयोगी पडत नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. ताटात पोळीऐवजी वरण-भात जास्त घ्यायला लागले. सासूबाईंच्या ते बरोबर लक्षात आलं.

फॅमिली डॉक्टरांना घास अडकण्याचं सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली नाही, सरळ पोटाच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहिली. टॅक्स ऑडिटची मुदत वाढून 7 ऑक्टोबर झाली होती. ती उरकली आणि 24 ऑक्टोबरला, गुरुवारी, मी धंतोलीत गेले.

धंतोलीत ज्यांना जावं लागतं त्यांना सांगायला नको, पण बाहेरगावच्यांसाठी सांगते: गाडी नेऊ नका. गल्लोगल्ली दवाखाने, आणि गाडी लावायला जागा शोधण्यात रक्तदाब वाढतो तो वेगळा. मी सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला आले, तिथे बदलून काँग्रेसनगरला उतरले आणि चालत गेले. सहाची वेळ दिली होती, नंबर लागला सव्वाआठला. फी 800, सात दिवसांत पुन्हा दाखवलं तर परत फी नाही. तेव्हा रिपोर्ट त्या सात दिवसांत घेऊन जायचे.

डॉक्टरांनी पोट दाबायच्या आधी बराच वेळ प्रश्नच विचारले. वजन आपोआप उतरलं का? संडास डांबरासारखी काळी होते का? उलटीत रक्त? घास अडकतो तो घट्ट खाण्याचा की पाण्याचाही? दिवसेंदिवस वाढतंय का? खर्रा, तंबाखू? शेवटच्या प्रश्नाला मी मामांचं सांगून टाकलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुम्हाला जळजळीची भीती नाही, मामांची आहे." मग म्हणाले की नुसती जळजळ असती तर आणखी थोडे दिवस गोळ्यांवर पाहिलं असतं, पण घास अडकतो म्हटल्यावर आत पाहायलाच हवं. वजन न उतरणं, पाणी सरळ जाणं, त्रास कधी असणं कधी नसणं, या सगळ्या बऱ्या गोष्टी आहेत. तरी दुर्बीण करायची.

एक अट होती. दुर्बिणीच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद. गोळी चालू असली तर अन्ननलिकेवरचे ओरखडे भरलेले दिसतात, आणि जठरात एच. पायलोरी नावाचा जंतू असला तरी त्याची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तेवढे दिवस फक्त सिरप. ते 7 नोव्हेंबरपासून गोळी बंद करा म्हणाले. त्यांच्याकडे साध्या दुर्बिणी सोमवारी आणि गुरुवारी होतात. 15 नोव्हेंबरला ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची मुदत, 20 ला विधानसभेचं मतदान आणि त्याआधी ह्यांचं ट्रेनिंग. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, निवडणूक म्हटली की ड्युटी ठरलेली. म्हणून तारीख मिळाली 21 नोव्हेंबर, गुरुवार.

खर्चाचं आधीच विचारून घेतलं. दुर्बीण 3,200, झोपेचं औषध दिलं तर 1,000 वर, जंतूच्या टेस्टचे 400, तुकडा तपासायला पाठवला तर लॅबचे 1,400. त्याआधी रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, आणि कावीळ व एचआयव्हीच्या टेस्ट, त्या दुर्बिणीआधी मागतात. त्याचे 1,100 लागले. मेडिक्लेममधून काही मिळालं नाही. भरती नाही, ओपीडीतली तपासणी, आमच्या पॉलिसीत ती बसत नाही. ऑफिसातल्या एकीने सुचवलं की प्राप्तिकराच्या सवलतीसाठी 80डी कलमात प्रिव्हेंटिव्ह चेकअप म्हणून दाखव. दुखतंय म्हणून केलेली तपासणी प्रिव्हेंटिव्ह कशी होईल? दिवसभर लोकांना हेच समजावते, स्वतःसाठी नियम कसा बदलू. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे खर्च याच्या फार कमी येतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या घरच्यांची दुर्बीण तिथेच झाली आणि व्यवस्थित झाली.

आता भीतीबद्दल. तारीख मिळाली आणि मी एक गोष्ट केली जी कुणीही करेल: लोकांना विचारत सुटले. शेजारच्या काकूंनी गेटवरच सांगितलं, "माह्या भासऱ्याची केली होती वं दुर्बीन. चार जनानं धरून ठेवलं होतं. मानूस कसा तडफडत होता!" भासरे, म्हणजे मोठे दीर, बरे आहेत ना, विचारलं, तर म्हणाल्या, "हो, काल्लेच लग्नात जेवून आले." एकीने सांगितलं दोन दिवस घशातून आवाज निघत नाही. एकाने सांगितलं काहीच कळत नाही, चहा पिऊन ऑफिसला गेलो. यातलं कोणाचं खरं धरायचं?

माझी भीती नेमकी कशाची आहे हे एका रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. घशात नळी असताना श्वास बंद पडेल, ही एक. औषध देऊन झोपवतील आणि मला काही कळणार नाही, ही दुसरी. आणि तिसरी, आत काय दिसेल. गंमत म्हणजे पहिल्या दोन भीतींचं उत्तर कुणीतरी देऊ शकत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, सेंटरला फोन केला आणि दुर्बिणीच्या खोलीत असणाऱ्या सिस्टरशी बोलायचंय म्हटलं. रिसेप्शनच्या मुलीला नवल वाटलं, पण तिने जोडून दिला.

त्या सिस्टरने दहा मिनिटांत जे सांगितलं ते इतर कोणी सांगितलं नव्हतं. नळी करंगळीएवढी असते. ती अन्ननलिकेत जाते, श्वासनलिका वेगळी, त्यामुळे श्वास चालूच राहतो, फक्त घाबरून माणूस तो रोखून धरतो. डाव्या कुशीवर झोपवतात. तोंडात दातांमध्ये प्लास्टिकची कडी देतात. लाळ गिळायची नाही, वाहू द्यायची, खाली कापड असतं. सगळ्यात वाईट क्षण घशातून नळी आत जातानाचा, तो काही सेकंदांचा. पुढे ढेकर येतात कारण आत हवा सोडतात, लाजायचं नाही. आणि झोपेच्या औषधाचं तिने असं सांगितलं: "मॅडम, आम्ही हाताला सुई लावून ठेवू. आधी स्प्रेवर पाहा. नाही जमलं तर हात वर करा, लगेच औषध देतो. फक्त सोबत कोणीतरी आणा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही." असा मधला मार्ग असतो हे मला माहीतच नव्हतं. विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही.

तिसऱ्या भीतीवर मात्र सिस्टरकडे उत्तर नव्हतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात झोप पार उडाली होती. हात थंड पडायचे, छाती धडधडायची, घशात गोळा आल्यासारखं वाटायचं, आणि हे रिफ्लक्समुळे, म्हणजे आम्ल वर येण्यामुळे, की भीतीमुळे ते ओळखू येईना. एका रात्री टेली-मानसच्या 14416 वर फोन लावला. मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी धीर बिर दिला नाही, आधी विचारलं की शेवटचं नीट कधी जेवलात. मग श्वास घ्यायला शिकवला: एक हात पोटावर, एक छातीवर, श्वास घेताना पोटावरचा हात उचलला पाहिजे, छातीवरचा नाही, आणि सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ. मला वाटलं, ही तर टीव्हीवरची योगासनं. पण त्या रात्री झोप लागली.

7 नोव्हेंबरला गोळी बंद केली. दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता, आणि बाजारात संत्री यायला लागली होती. नागपुरात राहून नोव्हेंबरात संत्र्याला हात लावायचा नाही! पहिले तीन-चार दिवस बरे गेले, मग रोज रात्री जळजळ. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी बंद केल्यावर काही दिवस आम्ल उलट जास्तच तयार होतं, तेव्हा वाढलं म्हणून घाबरू नका. हे आधी सांगितलेलं असल्याने निभलं. उशा रचून अर्धवट बसून झोपायचे.

20 तारखेला सकाळीच मतदान करून आले. हे आदल्या दिवशीच काटोलकडे ड्युटीवर गेलेले. संध्याकाळी सातला मुगाची खिचडी खाल्ली, त्यानंतर काही नाही. सेंटरचा नियम असा होता: आठ तास अन्न बंद, आणि पाणी घोट-दोन घोट, तेही तपासणीच्या दोन तास आधीपर्यंतच. मशिनं जमा करून हे घरी आले तेव्हा रात्रीचे अडीच वाजून गेले होते. सकाळी साडेसातला आम्ही ऑटोत बसलो. सोबतीला आणलेले हे अर्धवट झोपेत सदरचा सिग्नल आला का विचारत होते, ऑटो सदरच्या बाजूने जातच नव्हती.

सेंटरवर यादीत माझा नंबर पाचवा. आधी फॉर्म. ॲलर्जी आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, दमा, मधुमेह, हलणारे दात, कवळी. मग संमतीपत्र, मराठी आणि इंग्रजी. मी धंद्याने कागद वाचणारी बाई, पूर्ण वाचलं. रक्तस्राव, अन्ननलिकेला छिद्र, हे शब्द त्यात आहेत. वाचून पोटात गोळा आला, पण ज्या डॉक्टरांनी सही घेतली त्यांनी नीट सांगितलं की नुसत्या पाहण्याच्या दुर्बिणीत हे अतिशय विरळा, आणि म्हणूनच नंतर काही दुखलं, ताप आला तर लगेच फोन करायचा, तो नंबर याच कागदावर आहे. तो नंबर तिथेच मोबाइलमध्ये टाकून घ्या.

मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा ह्यांच्या हातात. सिस्टरने हाताला सुई लावली आणि ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला डावं बोट धरलं, तर त्यावर मतदानाची शाई. ती हसली, "आज सगळ्यांचं हेच," आणि चिमटा मधल्या बोटाला लावला. नेलपॉलिश लावून जाऊ नका, त्यानेही रीडिंग नीट येत नाही म्हणतात.

खोलीत गारठा होता. घशात लिग्नोकेनचा स्प्रे मारला. चव कच्च्या केळ्याच्या सालीसारखी, कडू आणि तुरट. मिनिटभरात घसा आपला नाही असं झालं. थुंकी गिळली की नाही तेच कळेना, आणि त्या न कळण्यानेच मी बिथरले. डाव्या कुशीवर वळवलं, तोंडात कडी बसवली, सिस्टरने डोक्यामागे हात ठेवला. "नाकाने श्वास घ्या मॅडम, माझ्याबरोबर." नळी जिभेमागे लागली, जोराची उबळ आली आणि माझा हात आपोआप नळीकडे गेला. डॉक्टरांनी लगेच नळी बाहेर घेतली. कुणी ओरडलं नाही, कुणी धरून ठेवलं नाही. मी हात वर केला. ते म्हणाले, "ठीक आहे, औषध देऊ," आणि सुईतून काहीतरी गेलं.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. एक मोठा ढेकर. सिस्टरचा आवाज, "झालं झालं." स्क्रीनवर गुलाबी भिंत, ओलसर, आणि मला ती छान वाटली होती हेही आठवतं. दुखल्याचं आठवत नाही. आत किती वेळ होते म्हणून ह्यांना विचारलं, तर म्हणाले दहा मिनिटं असतील, पण त्यातली काही मिनिटं ह्यांनीही बाकावर झोपेत काढली होती.

बाजूच्या खोलीत पडून राहिले. त्या औषधाने नव्या गोष्टी डोक्यात टिकत नाहीत, हे मला आधी कळायला हवं होतं असं ह्यांचं म्हणणं, कारण मी म्हणे "कॅन्सर आहे का?" हेच फिरून फिरून विचारत होते आणि हे दर वेळी "नाही म्हणाले ते" असं सांगत होते. शेवटी सिस्टरने एका कागदावर "डॉक्टरांनी सांगितलं, गाठ दिसली नाही" असं लिहून माझ्या हातात दिला. तो कागद फाइलमध्ये आहे. जे झोपेचं औषध घेणार असतील त्यांनी एवढं करा: डॉक्टर जे बोलतील ते सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. तो जागा असेल असं पाहा.

तासाभराने घशाची बधिरता गेल्यावर आधी पाणी, मग कोमट दूध. चोवीस तास गाडी नाही, कुठल्या महत्त्वाच्या कागदावर सही नाही, एकटीने गॅससमोर उभं राहायचं नाही. दुपारी एका क्लायंटचा फोन आला, ह्यांनीच उचलला आणि "मॅडम उद्या" म्हणून ठेवून दिला. घसा दुसऱ्या दिवसापर्यंत खवखवला. आवाज गेला नाही.

रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला, रंगीत फोटोंसह. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बारीक ओरखडे, लॉस एंजेलिस ग्रेड ए, म्हणजे चार पायऱ्यांतली सगळ्यात खालची. छोटा हायटस हर्निया. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात अन्ननलिकेसाठी जी फट असते तिच्यातून जठराचा वरचा भाग थोडासा वर सरकलेला. त्यामुळे खालचं झडपेचं कडं नीट आवळत नाही आणि आम्ल वर येतं. पुष्कळ लोकांना तो असतो आणि बहुतेकांना त्याचं ऑपरेशन लागत नाही. जंतूच्या टेस्टची पिवळी पट्टी पिवळीच राहिली, जंतू असता तर गुलाबी झाली असती. गाठ नाही, अरुंद झालेलं नाही. आणि शेवटची ओळ: अन्ननलिकेतून बायोप्सी घेतली.

ह्या एका शब्दाने घरात सुतक आलं. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, नणंदेचा अमरावतीहून फोन आला. मी डॉक्टरांना विचारून ठेवलं नव्हतं म्हणून सेंटरला फोन केला. घास अडकण्याची तक्रार असली की आतली त्वचा साधी दिसली तरी चार-सहा ठिकाणचे कणाएवढे तुकडे घेतात, एका प्रकारची ॲलर्जीची सूज नुसत्या डोळ्याला दिसत नाही म्हणून. बायोप्सी म्हणजे कॅन्सरचा संशय असं समीकरण नाही. हे समजलं तरी तो आठवडा दुर्बिणीआधीच्या आठवड्यापेक्षा जड गेला. आधी निदान तयारी करायला काहीतरी होतं. ऑफिसात निकालाच्या गप्पा चालू, कोण आलं कोण पडलं, आणि मी मोबाइलवर लॅबचा मेसेज पाहतेय. 29 नोव्हेंबरला, शुक्रवारी, लॅबमधून कागद आणला. पायऱ्यांवरच वाचला. रिफ्लक्सची सौम्य सूज, बाकी काही नाही. मामांच्या मुलीला पहिला फोन केला, का कोण जाणे.

आता कुणी म्हणेल, संपलं. तर नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून जळजळ गेली नाही. दुर्बीण पाहते, बरं करत नाही. 2 डिसेंबरला डॉक्टरांकडे गेले तेव्हा पॅन्टोप्राझोल पुन्हा सुरू झाली, सलग आठ आठवडे, आणि त्याबरोबर घरातल्या काही गोष्टी बदलल्या. त्या एकदम नाही, एकामागून एक, कशाने फरक पडतो ते कळावं म्हणून.

पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायला सांगितली, सहा इंच. उशा वाढवून चालत नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट जास्त दाबतं. आमचा पलंग म्हणजे सागवानी दिवाण, खाली पेटी. दोघांना हलेना. शेवटी सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करून आणले, 450 रुपये, आणि शेजारच्या पोरांना बोलावून दिवाण उचलला. पहिले काही दिवस हे रात्री घसरत पायथ्याशी जायचे. ज्यांना हे शक्य नाही त्यांच्यासाठी फोमची उतरती गादी मिळते. डाव्या कुशीवर झोपायचं, हे मात्र फुकट आहे आणि मला त्याचा उपयोग सगळ्यात आधी जाणवला.

जेवण आणि झोप यांत तीन तास. आमच्या घरात हे सगळ्यात कठीण होतं, कारण साडेसातला एकटी कशी जेवणार. सासूबाईंनी प्रश्न सोडवला, त्या माझ्याबरोबर जेवायला लागल्या आणि आता त्यांनाच सवय झालीय.

आणि परकराची नाडी! हे मला डॉक्टरांच्या असिस्टंट मुलीने सांगितलं, पुरुष डॉक्टरांना सुचलं नसतं. रोज साडी नेसायची म्हणजे कमरेला नाडी करकचून, त्यावर दिवसभर खुर्चीत बसणं. पोटावर दाब आला की आम्ल वर येणारच. आता रुंद पट्ट्याचा परकर शिवून घेतलाय, बसण्याच्या दिवसांत पंजाबी ड्रेस.

खाण्याच्या बाबतीत डॉक्टरांनी बंदीची यादी दिली नाही. लिहून ठेवा म्हणाले, काय खाल्लं, किती वाजता, कधी जळलं. महिनाभरात कळलं की मला मिरचीपेक्षा वेळ छळते. दुपारी खाल्लेल्या झुणका-भाकरीने काही होत नाही, तीच रात्री नऊला खाल्ली की होतं. उपाशीपोटी चहा वाईट, नाश्त्यानंतरचा चालतो. तर्री अर्धी वाटी सोसते. सावजी मटण मात्र अजून आजमावलेलं नाही. संत्रं दुपारी, दोन-तीन फोडी.

घशातला गोळा शेवटी कमी झाला तो गोळीने की श्वासाच्या सवयीने, ते मी ठरवू शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की पोटाने घेतलेल्या श्वासाने पडद्याचा स्नायू काम करतो आणि तोच झडपेला बाहेरून आवळतो, त्यामुळे जेवणानंतर तो व्यायाम करायला हरकत नाही. काळजीचं म्हणाल तर ती अजून येते, विशेषतः महिनाअखेरीला. तेव्हा छातीत थोडंसं जळलं तरी मला ते खूप वाटतं. आग तेवढीच असते, लक्ष जास्त असतं. त्यासाठी एका समुपदेशक बाईंकडे काही वेळा जाऊन आले, दर वेळचे 700. ते औषधाइतकंच कामाला आलं.

जानेवारीच्या शेवटी आठ आठवडे पूर्ण झाले. या वेळी गोळी एकदम बंद केली नाही. आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी एक, आणि मधे जळलं तर सिरप. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुटली. पुन्हा दुर्बीण कधी, हे मी विचारलं. ग्रेड ए असताना आणि बायोप्सी साफ असताना उगाच पुन्हा करायची गरज नाही, असं उत्तर मिळालं. घास रोज अडकायला लागला, वजन उतरलं, संडास काळी झाली किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर मात्र वाट न पाहता यायचं. फाइल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, जुने रिपोर्ट लागतात म्हणून फोटोंसकट. मार्च एंडिंग जवळ आलंय, सरांना आधीच सांगून ठेवलंय की साडेसातच्या पुढे बसणार नाही. ते बरं म्हणाले आहेत, पाहू.